तिसऱ्या दिवशी बरे वाटले तरी घरी जाऊ नका

पाऊस धरला की आमच्या आरोग्य बैठकीत एक प्रश्न हटकून येतो. यंदा तो एका आजींनी विचारला. "सिस्टर, आमच्यात छत्र्यांच्या भाजीत चांदीचं नाणं टाकून बघतात. काळं पडलं नाही तर खायची. बरोबर ना?" बसलेल्या निम्म्या बायांनी माना डोलावल्या. कुणी लसणाची पाकळी टाकायला सांगितली, कुणी तांदूळ. कुणी म्हणाले, किड्यांनी खाल्लेली छत्री बिनधास्त खावी.

आजींचा मान राखून आम्हाला सांगावे लागले की यातली एकही परीक्षा खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाने. लसूण-कांद्यानेही पडेल आणि जीवघेण्या विषात लखलखीत राहील. आणि गोगलगाई तर विषारी भूछत्र खुशाल खातात, त्यांना काही होत नाही.

या विषाचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे तो युरोपातल्या एका भूछत्रावर. शास्त्रीय नाव अमानिटा फॅलॉइडिस. इंग्रजीत त्याला डेथ कॅप, म्हणजे मरणाची टोपी म्हणतात. ओक आणि बीच या झाडांच्या मुळांशी त्याचे नाते असते, म्हणून ते जंगलात त्या झाडांखाली उगवते. टोपी फिकट हिरवट-पिवळसर, खालच्या पापड्यांसारख्या पात्या पांढऱ्या, दांड्यावर पातळ कडे आणि बुडाशी मातीत लपलेली पांढरी पिशवी. ही पिशवी ओळखीची मोठी खूण आहे, पण वरून तोडले की ती मातीतच राहते. दिसायला देखणे, आणि जे खाऊन वाचले ते सांगतात की चवीलाही चांगले होते.

युरोपातून आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर ते अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही पोचले. जानेवारी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात दोन माणसे ते खाऊन मेली. आशियातून तिकडे गेलेल्या लोकांचा घोटाळा होतो, कारण भाताच्या पेंढ्यावर वाढणारी आपली खायची अळंबी कोवळेपणी अगदी तशीच दिसते. २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून जीव वाचवून पोलंडला पोचलेल्या एका कुटुंबाने निर्वासित केंद्राजवळच्या जंगलातून भूछत्रे आणून सूप केले. पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ गेले. मोठ्याचे यकृत बदलले होते, तरी तो वाचला नाही. परक्या जागी गेलेला माणूस आपल्या गावची ओळख सोबत घेऊन जातो आणि तिथेच फसतो. गाव सोडून शहराच्या कडेला राहणाऱ्या आपल्या माणसांनाही हे लागू आहे. गावाकडे वारुळावरच्या सात्या ओळखणारी आजी इथल्या टेकडीवरचे भूछत्र ओळखेलच असे नाही.

आपल्या देशातही हे घडते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात काही दिवसांत तेरा जण रानातली भूछत्रे खाऊन मरण पावले, त्यात बरेच चहामळ्यातले मजूर होते.

या विषाला अमाटॉक्सिन म्हणतात. शिजवून, वाळवून, तळून ते जात नाही. एक मध्यम भूछत्र मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरते. आपल्या पेशींमध्ये प्रथिने बनवण्यासाठी जो निरोप लिहिला जातो, तो लिहिणारे यंत्रच हे विष बंद पाडते. सगळ्यात मोठा घाव यकृतावर बसतो. विष पित्तातून पुन्हा आतड्यात उतरते आणि पुन्हा यकृतात शोषले जाते, असे त्याचे फेरे चालतात.

आता खरी फसवणूक. जेवल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. माणूस शांत झोपतो. मग पोटात कळा, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. सलाईन लावले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे थांबते, माणूस उठून बसतो, चहा मागतो. त्याच वेळी आत यकृत मरत असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत डोळे पिवळे होतात, हिरड्यांतून रक्त येते, बोलणे असंबद्ध होते.

आम्ही वॉर्डात काम करत होतो तेव्हाची एक केस आम्ही विसरलेलो नाही. बांधकामावरचे एक दादा आणि त्यांचा शाळकरी मुलगा. रात्री रानातल्या छत्र्यांची भाजी, पहाटे उलट्या. ते आधी दुसऱ्या एका दवाखान्यात गेले होते. पावसाळा, वस्तीचा पत्ता आणि जुलाब, एवढ्यावर कागदावर 'गॅस्ट्रो' लिहिले गेले. काय खाल्ले ते कुणी विचारले नाही आणि यांनीही सांगितले नाही. रानातले खातो हे सांगायची लाज वाटली, असे मागून ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बरे वाटले, रोज बुडत होता, म्हणून घरी गेले. आमच्याकडे आले ते चौथ्या दिवशी, पिवळे होऊन. मुलाने भाजी थोडीच खाल्ली होती, तो वाचला. दादा नाही. भूछत्र कोणत्या जातीचे होते ते कधीच कळले नाही, कारण उरलेली भाजी उकिरड्यावर टाकली होती.

म्हणून लाज सोडून सांगा. कोणते भूछत्र, किती वाजता खाल्ले, पहिली उलटी किती वाजता झाली, हे तीन प्रश्न डॉक्टरांनी विचारले नाहीत तरी आपण सांगायचे आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावायचे. खाण्यात आणि उलटीत सहा तासांहून जास्त अंतर असेल तर हे जीवघेणे विष समजूनच चालावे. अंतर कमी असले तरी निर्धास्त होऊ नका, एकाच भाजीत दोन जातींची भूछत्रे असू शकतात. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास होत नसला तरी. घरी मीठपाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, गाडी मोफत आहे. छोट्या दवाखान्यात असाल तर मोठ्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

तिथे यकृताची एसजीपीटी आणि रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर ही तपासणी होते, आणि ती रोज पुन्हा करावी लागते. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून सुटी घेऊ नका. उपचारात भरपूर सलाईन, विष शोषणारा कोळसा पुन्हा पुन्हा, पेनिसिलिनची मोठी मात्रा, एन-ॲसिटिलसिस्टीन अशी औषधे देतात. हमखास उतारा असे काही नाही, जितके लवकर तितके बरे. यकृत पूर्ण गेले तर ते बदलण्याशिवाय मार्ग नाही, आणि तो आपल्या घरांना किती परवडतो हे वेगळे सांगायला नको.

उरलेली भाजी डब्यात घालून सोबत न्या. कच्चे भूछत्र शिल्लक असेल तर बुडासकट, मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ते तासाभरात घामेजते आणि ओळखू येत नाही.