घनतेचा वाद आणि दुधाळ्याची नळी

औंढा नागनाथ

बाळ,

पृथ्वी सपाट आहे, गुरुत्वाकर्षण नाहीच, असं म्हणणाऱ्या मित्राशी तू हॉस्टेलवर कडाडून भांडलास, हे ताईकडून कळलं. तू त्याला वेड्यात काढलंस, हे मला आवडलं नाही. आधी त्याचं म्हणणं नीट ऐक. दगड हवेपेक्षा घन म्हणून खाली येतो, गॅसचा फुगा विरळ म्हणून वर जातो, ओढणारं कुणी नाही, असं तो म्हणतो. यात निम्मं खरं आहे. पण घनता म्हणजे एका मापात किती वस्तुमान मावलं, एवढंच. तिला दिशा नसते. खाली कुठं आणि वर कुठं, हे गुरुत्वाकर्षण ठरवतं.

त्याला बाटलीनं पटव. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ दाभणानं भोक पाड, पाणी भर, झाकण उघडं ठेव. धार लागेल. आता खाली कुणी नाही हे बघून बाटली गच्चीवरून सोड. पडताना धार थांबते. पाणी तेच, हवा तीच, घनताही तीच. मग धार का थांबली? बाटली आणि पाणी बरोबरच पडतात, म्हणून पाण्याचा भार बुडावर येतच नाही. तरंगणं-बुडणंही याच भारावर चालतं.

जमीनच वर धावते, असं तो म्हणाला, तर विचार: मग पडण्याचं त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३ मीटर प्रति वर्ग सेकंद असं वेगळं का भरतं?

शेवटी, पृथ्वी सपाट नाही यासाठी, आपल्या दुधाळा गावाचं सांग. तिथं गुरुत्वलहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, आत लेझर. गवंडी पाण्याच्या नळीनं लेव्हल काढतो, तशी ती चार किलोमीटर नेली, तर शेवटाला सरळ रेषेच्या सव्वा मीटर खाली उतरते, कारण पृथ्वीची पाठ वळते आणि प्रकाश सरळ जातो. अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंना हा फरक काँक्रीट ओततानाच सांभाळावा लागला. त्याच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला, दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मिलनातून उठलेली गुरुत्वलहर टिपली.

मात्र बाटली आधी तू स्वतः सोडून बघ. मामा सांगतो म्हणून मानलंस, तर तुझ्यात आणि त्याच्यात फरक तो काय राहिला?

तुझा,
मामा