प्रुनेला स्केल्स : पात्र उभं करणारी बाई आणि विसरत जाणारी आठवण



'पात्राचे स्वभावविशेष लिहा' हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना तोंडपाठ असतो आणि उत्तरही. प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, करारी. पाठ कुठलाही असो, चार विशेषणं पुसून चार लावली की झालं! आजच्या लेखासाठी मी एक ब्रिटिश अभिनेत्री निवडली आहे, कारण पात्राकडे कसं बघावं हे तिच्या कामातून फार सोप्या रीतीनं शिकवता येतं. दुसरं कारण आपल्या घरातल्या आजी-आजोबांशी जोडलेलं आहे. ते पुढे येईलच.

प्रुनेला स्केल्स यांचा जन्म २२ जून १९३२ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. वडिलांचं आडनाव इलिंगवर्थ. आई कॅथरिन स्केल्स अभिनेत्री होती. मुलीनं रंगभूमीसाठी आईचं आडनाव घेतलं आणि जन्मभर तेच लावलं. लंडनच्या ओल्ड विक नाट्यशाळेत त्यांचं शिक्षण झालं. पुढे न्यूयॉर्कला उटा हागेन या नावाजलेल्या शिक्षिकेकडेही त्या शिकल्या. रंगमंचावर काम मिळत असतानाही पुन्हा विद्यार्थी व्हायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे वर्गात मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

१९५२ मध्ये बीबीसीनं जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची मालिका केली. तीत त्या धाकटी, अवखळ लिडिया झाल्या होत्या. त्या काळी टीव्हीवरची नाटकं थेट प्रसारित व्हायची. रीटेक नाही, वाक्य विसरलं तर सगळ्या देशासमोर विसरलं! म्हणजे टीव्हीच्या नटालाही रंगभूमीसारखंच पाठांतर लागे. त्यानंतर 'हॉब्सन्स चॉइस' (१९५४) हा डेव्हिड लीनचा चित्रपट, 'कोरोनेशन स्ट्रीट'मधली बसकंडक्टर, आणि १९६३ पासून रिचर्ड ब्रायर्स यांच्याबरोबर 'मॅरेज लाइन्स' ही नवविवाहित जोडप्याची विनोदी मालिका. त्याच वर्षी त्यांचं स्वतःचंही लग्न झालं, अभिनेते टिमथी वेस्ट यांच्याशी.

आता मुख्य गोष्ट. 'फॉल्टी टॉवर्स' या मालिकेचे एकंदर भाग किती? फक्त बारा. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. आपल्याकडच्या हजार-हजार भागांच्या मालिका बघणाऱ्यांना हा आकडा खोटा वाटेल. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातलं एक हॉटेल, चिडका मालक बेसिल (जॉन क्लीझ) आणि त्याची बायको सिबिल, म्हणजे आपल्या प्रुनेलाबाई. लेखन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांचं.

सिबिल कशी? वरवर पाहिलं तर कजाग बायको. उंच बांधलेले केस, फोनवर मैत्रिणीशी न संपणाऱ्या गप्पा, एका हातात सिगारेट, आणि नवऱ्याला नावानं अशी हाक मारायची की तो जागच्या जागी थिजावा. एखाद्या सामान्य नटीनं एवढ्यावरच भागवलं असतं. प्रुनेलाबाईंनी मात्र संहिता हातात आल्यावर लेखकाला विचारलं, की या दोघांनी लग्न का केलं? क्लीझना या प्रश्नाची धास्तीच होती म्हणे. मग उत्तर बाईंनीच शोधलं. सिबिलचं माहेर खालच्या थरातलं, धंदेवाईक लोकांचं. बेसिलचं 'वरच्या' लोकांसारखं बोलणं-वागणं पाहून ती भुलली, आणि तो डौल पोकळ आहे हे लग्नानंतर कळलं. संवादांत यातलं काही नाही. पण एकदा ते मनाशी धरल्यावर सिबिलचा आवाज, तिचं हसणं, पाहुण्यांशी गोड आणि नवऱ्याशी धारदार बोलणं, सगळं जागेवर बसतं. आणि लक्षात येतं की हॉटेल खरं तर तीच चालवते आहे.

हा प्रश्न वर्गात वापरून बघा. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही कथेतलं पात्र घ्या आणि स्वभावविशेष विचारायच्या ऐवजी विचारा, 'हा माणूस कथा सुरू होण्याआधी काय करत होता? इथे का आला? निघून का जात नाही?' गाईडमध्ये याचं उत्तर नसतं, त्यामुळे उतरवून काढायची सोय राहत नाही. मात्र एक अट घाला: उत्तराला पाठातला आधार हवा. नाहीतर मुलं परग्रहावरून आणतात पात्राला.

मालिका वर्गात दाखवायची असेल तर भाग निवडून घ्या. 'द जर्मन्स' या भागात वंशाबद्दलचे अपशब्द आहेत, तो नकोच. मॅन्युएल या वेटरला मारहाण होते, त्यावरही मुलांशी बोलावं लागेल. ५० वर्षांपूर्वी जे हसून सोडलं ते आज तसं सोडता येत नाही. 'द ॲनिव्हर्सरी' चालेल. बेसिल बायकोची गंमत करायला लग्नाचा वाढदिवस विसरल्याचं सोंग करतो, ती चिडून निघून जाते, आणि गुपचूप बोलावलेले पाहुणे मात्र दारात! पुढची तारांबळ बघण्यासारखी आहे.

सिबिलमुळे नाव झालं, पण प्रुनेलाबाई सिबिलमध्ये अडकल्या नाहीत. १९८८ मध्ये ॲलन बेनेट यांच्या 'अ क्वेश्चन ऑफ ॲट्रिब्यूशन' या नाटकात त्यांनी नॅशनल थिएटरच्या रंगमंचावर एलिझाबेथ राणीची भूमिका केली. राणी तेव्हा हयात आणि गादीवर! राजवाड्यातली चित्रं सांभाळणारा अँथनी ब्लंट हा रशियाचा हेर होता. नाटकात राणी त्याच्याशी खऱ्या आणि खोट्या चित्रांबद्दल बोलते. बोलणं चित्रांचं की माणसाचं, हे ती शेवटपर्यंत उघड करत नाही. नक्कल करायचा मोह टाळून केलेलं हे काम मला सिबिलपेक्षाही सरस वाटतं. १९९१ मध्ये ते टीव्हीवरही आलं. शिवाय व्हिक्टोरिया राणीच्या रोजनिशी आणि पत्रांवर बेतलेला कार्यक्रम त्यांनी वर्षानुवर्षं, देशोदेशी केला. गायक आणि पियानोवादक सोबतीला, पण बोलायचं सगळं एकटीनं, आणि तरुण राणीपासून म्हाताऱ्या राणीपर्यंत वय वाढत न्यायचं.

एवढं पाठांतर जिनं पेललं तिलाच स्मृतिभ्रंश व्हावा! पतीला पहिली शंका आली तीही रंगमंचावर त्यांचं काम बघताना. २०१४ मध्ये दोघांनी हे जाहीरपणे सांगितलं. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळे आल्यानं होणारा हा प्रकार. लोकांना वाटलं, आता बाई घरी बसणार. पण त्याच वर्षी चॅनेल ४ वर 'ग्रेट कॅनॉल जर्नीज' सुरू झालं. जुन्या कालव्यांतून, जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबट नावेतून हे म्हातारा-म्हातारी फिरायचे. ते सुकाणू धरायचे आणि बाई कालव्याची दारं उघडायला काठावर उतरायच्या. कालव्यांचा नाद दोघांना कित्येक वर्षांचा. पुढे परदेशातले जलमार्गही झाले, आपल्या केरळच्या बॅकवॉटरपर्यंत.

असं दाखवणं बरोबर का, असा प्रश्न पडतो. आजारी माणसाचं प्रदर्शन होत नाही का? मी काही भाग पाहिले. कॅमेरा त्यांच्या विसरण्याची गंमत करत नाही, लपवतही नाही. काल काय झालं ते त्यांना आठवत नाही, पण समोरचं पाणी, पक्षी, झाडं त्या मनापासून बघतात. नवरा तीच गोष्ट पुन्हा सांगतो, पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात.

पालकहो, इथे आपली भाषा तपासायला हवी. 'म्हातारचळ लागलाय', 'साठी बुद्धी नाठी' हे आपण मुलांदेखत सहज बोलतो. आजीनं तिसऱ्यांदा 'शाळा सुटली का रे?' विचारलं की नातू खेकसतो, 'आत्ताच सांगितलं ना!' त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की आजीच्या लेखी हा प्रश्न पहिलाच आहे. हा आजार आहे, हट्ट नाही. आणि असं वारंवार होत असेल तर वय झालं म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवायला हवं. जुन्या आठवणी पुष्कळदा जास्त काळ टिकतात. म्हणून मुलांना आजीला 'सकाळी काय जेवलीस?' विचारायला लावण्याऐवजी तिच्या शाळेबद्दल, जात्यावरच्या ओव्यांबद्दल विचारायला सांगा. आठवीच्या पुढच्या मुलांना मुलाखतलेखनाचा गृहपाठ म्हणून हे छान चालतं. अट एकच, आजी चुकली तर दुरुस्त करायचं नाही, सांगेल तसं लिहून घ्यायचं.

टिमथी वेस्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. प्रुनेलाबाई २७ ऑक्टोबर २०२५ ला, लंडनच्या घरी, वयाच्या ९३ व्या वर्षी. आदल्या दिवशी त्या 'फॉल्टी टॉवर्स' बघत होत्या, असं त्यांच्या मुलांनी कळवलं.