दिवाळीआधी आठवडाभर नुसते रस प्यावेत का?

प्रश्न : दिवाळी तोंडावर आली आहे. कल्याणची भाची म्हणते, ‘मावशी, फराळाआधी सात दिवस डिटॉक्स कर. भाकरी-भात बंद, नुसता दुधीचा आणि पालकाचा रस. अंगातलं सगळं विष निघून जाईल.’ वय पंचावन्न, शुगरची गोळी चालू आहे. आमच्याकडे हळव्या भाताची कापणी लागली आहे. करू का?
– एक वाचक भगिनी, वैशाखरे, ता. मुरबाड

उत्तर : ताई, करू नका. कापणीच्या दिवसांत नकोच, आणि शुगरची गोळी चालू असताना तर मुळीच नको. काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, रक्तातली साखर उतरवतच राहतात. भाकरी सुटली आणि गोळी चालू राहिली, तर भर उन्हात, हातात विळा असताना चक्कर येईल.

भाची तुमच्या काळजीनेच सांगते आहे, म्हणून तिलाही पटेल असं उत्तर द्यायला हवं. अंगातलं विष बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करत असतात. यकृत नको ते पदार्थ मोडून लघवीवाटे किंवा पित्तावाटे जातील असे करून देतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. सात दिवस रस प्यायल्याने हे काम जास्त चांगलं होतं, याला भरवशाचा पुरावा नाही. वजन दोन किलो उतरतं, ते मुख्यतः पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर उपाशीपणी वापरली जाते, आणि तिच्या दर ग्रॅममागे धरलेलं तीनेक ग्रॅम पाणीही निघून जातं. जेवण सुरू झालं की ते परत येतं.

विष काढायची विद्या तुमच्या भागात जुनी आहे, पण ती अन्नासाठी आहे. नाणेघाटाखालच्या ठाकर-कातकरी वस्त्यांवर कुणा जाणत्या आजीला कडूकंद कसा करतात ते विचारा. कंदाचे पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवून द्यायचे. कडवटपणा पुरता गेल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. मिरगाच्या पावसात येणारी शेवळं तुम्हीही करत असाल. काकडं घातल्याशिवाय ती घशाला खाजतात, कारण त्यात ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. कच्चं, कडू, खाजरं तसंच पोटात जाऊ द्यायचं नाही, ही शिस्त या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. कच्च्या रसाच्या आहारात नेमकी तीच मोडते.

दुधीचंच घ्या. २०१० साली दिल्लीत मधुमेह असलेल्या एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला आजही लागू आहे : दुधीची फोड आधी चाखा, कडू लागली तर टाकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि रस पिऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर लगेच दवाखाना गाठा. हा कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो. नरकचतुर्दशीला पायाने फोडतात त्या चिराटाच्या कुळातलंच हे द्रव्य. चिराटं जिभेला नुसतं लावतात, पेलाभर पीत नाहीत. पालकाचं म्हणाल, तर त्यातही ऑक्सलेट भरपूर. जुन्या मधुमेहात मूत्रपिंडं आधीच नाजूक झालेली असू शकतात. रोज पेलाभर कच्च्या रसाचा भार त्यांच्यावर कशाला? दुधी, पालक दोन्ही खा, पण शिजवून, भाकरीबरोबर.

आता खरंच काही सोडायचं असेल, तर मशेरी सोडा. तुम्ही लावत नसाल तर फारच उत्तम, पण आपल्या खेड्यांत कितीतरी बायका पहाटे चुलीपाशी बसून भाजलेल्या तंबाखूने दात घासतात आणि तिला व्यसन म्हणत नाहीत. तोंडाच्या कर्करोगाला ती आमंत्रण देते. घरातल्या पुरुषांना यकृताला विश्रांती द्यायची असेल, तर दारू बंद. फळांच्या रसाने तिची भरपाई होत नाही.

फराळाची धास्ती नको. नाचणीची भाकरी चालू ठेवा, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. जोडीला कुळथाचं पिठलं, परसातला दोडका, पडवळ. नवरात्रात साबुदाण्याच्या खिचडीवर उपास झाला असेल, तर त्याला हलकं खाणं समजू नका, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. चकल्यांचं उरलेलं काळं तेल पुन्हा करंज्यांना वापरू नका. करंजी खायची तर जेवणात एक भाकरी कमी घ्या, वरून नको.

दिवाळीआधी एकदा सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच. आणि कापणीला जाताना कमरेच्या पिशवीत गुळाचा खडा ठेवा. दरदरून घाम फुटला, हात थरथरले, तर आधी तो चघळा, सावलीत बसा आणि शेजारच्या बाईला हाक मारा.