उयुनीत पैसे मोजण्याआधी

बोलिव्हियातल्या उयुनी गावात मिठागराच्या सहली विकणाऱ्या बाईला मी स्पष्ट विचारलं होतं. फेब्रुवारी आहे, मिठावर पाणी साचलंय, मग इन्काउआसी बेटावर जीप जाईल का? "सी, सी," म्हणाली. साचलेल्या पाण्यात आभाळाचा आरसाही दिसेल, निवडुंगांचं बेटही. रोख बोलिव्हियानो मोजून घेतले आणि सकाळी भलत्याच कंपनीच्या जीपमध्ये आम्हाला कोंबलं. इंग्रजी बोलणारा गाईड ठरला होता. आला तो नुसता चालक, त्याला इंग्रजीचा गंध नाही.

भंगार रेल्वे इंजिनांपाशी वेळ काढला, कोल्चानी गावातल्या टपऱ्यांवर आणखी काढला. मग जीप पाण्यात शिरली आणि जेमतेम आत जाऊन थांबली. बेट? चालकाने नुसता हात झटकला. शेजारच्या जीपमधला गाईड मात्र हसला. पाणी चढल्यापासून तिकडची वाट बंद आहे, म्हणाला, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. अख्ख्या गावाला! म्हणजे पैसे घेताना बाईलाही ठाऊकच होतं. संध्याकाळी जाब विचारला तर म्हणते, पावतीवर बेट कुठे लिहिलंय? पावती तिच्याच हातची.

आरसा अप्रतिम होता, हे नाकारत नाही. पण दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मिठागर विकायला खोटं कशाला बोलावं लागतं?

तेव्हा जाणाऱ्यांनो, आरसा हवा तर साधारण जानेवारी ते मार्च, बेट आणि मिठाचे षटकोन हवेत तर मे ते ऑक्टोबर. दोन्हींचं आश्वासन देणाऱ्याच्या दुकानातून उठा. बेट, गाईडची भाषा, जीप कोणाची, प्रवेशशुल्क कोण भरणार, सगळं पावतीवर लिहून घ्या. शाकाहाऱ्यांनी "सिन कार्ने" (मांसाशिवाय) एवढ्यावर थांबू नये, "सिन पोयो" (कोंबडीशिवाय) असंही म्हणावं. तिथे कोंबडीला मांस धरतीलच असं नाही. मिठावरून परतणारं ऊन खालूनही भाजतं, म्हणून क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना लावा. गॉगल, गरम कपडे, भरपूर पाणी हे नेहमीचंच. मिठागर ३,६५६ मीटरवर आहे, पण तीन दिवसांची सहल पुढे लागुना कोलोराडा सरोवराकडे ४,२०० मीटरच्याही वर चढते. आधी उंचीवर दोन-तीन रात्री काढा.

आणि चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला तर पैसे बुडाले तरी चालतील, त्या जीपमध्ये बसू नका.