घरच्या फुलबागेतील रंगांची योजना

घरापुढे चार फुलझाडे नाहीत असे शेतकऱ्याचे घर विरळाच. अंगणात तुळस, कोपऱ्यात जास्वंद, न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ व गुलबक्षी, एवढे बहुतेक ठिकाणी आढळतेच. परंतु ही झाडे जशी मिळाली तशी लावलेली असल्यामुळे, फुले पुष्कळ असूनही पाहणाराच्या मनावर त्यांचा एकत्रित परिणाम होत नाही. पाणी, खत व मेहनत तीच ठेवून केवळ जागा विचारपूर्वक नेमल्या, तर तेवढ्याच झाडांपासून कितीतरी अधिक शोभा मिळते. ज्या गावी उन्हाळ्यात पाण्याचा प्रत्येक हंडा मोजून वापरावा लागतो, तेथे थोड्या झाडांकडून अधिक काम करून घेणे हेच शहाणपण होय. त्या दृष्टीने रंगयोजनेचे काही नियम येथे देत आहो.

पार्श्वभूमी.— कोणताही रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला भासतो. फ्रान्समधील गोब्लँ येथील विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गोष्ट सविस्तर मांडली व ती फुलबागेसही लावून दाखविली. आपल्याकडे पाहावयाचे तर, चुना दिलेल्या भिंतीपुढे तगर व मोगरा लपून जातात. काळ्या दगडाच्या भिंतीपुढे तीच फुले उठून दिसतात. कोकणात जांभ्या दगडाच्या गडग्यापुढे अबोली लाविली तर तिचा रंग दगडात मिसळतो. तेथे पांढरी सदाफुली किंवा निळी गोकर्ण शोभते. म्हणून रोप लावण्यापूर्वी त्याच्या मागे काय आहे ते पाहावे.

वेळ.— बाग कोणत्या वेळी पाहिली जाते, याचा विचार फार थोडे लोक करितात. भर उन्हात फिके रंग निस्तेज दिसतात. तेव्हा पिवळा, नारिंगी व तांबडा हेच टिकाव धरितात. पण शेतकरी दुपारी शेतावर असतो. ओट्यावर बसावयास त्याला सवड मिळते ती दिवस मावळताना. त्या मंद प्रकाशात तांबडा रंग आधी काळवंडतो. निळा व पांढरा मागाहून. पुर्किन्ये या बोहेमियातील शास्त्रज्ञाच्या नावाने हा दृष्टिधर्म ओळखला जातो. यास्तव ओट्याजवळ मोगरा, निशिगंध, तगर व पांढरी गुलबक्षी असावी. गुलबक्षी तर दिवस कलल्यावरच उमलते. चिनी गुलाब उन्हात फुलून दुपारनंतर मिटतो. त्यास सकाळी दिसणारी जागा द्यावी.

जोड्या व समूह.— पिवळ्याशेजारी जांभळा आणि नारिंगीशेजारी निळा ठेविल्यास दोन्ही रंग खुलतात. तांबड्याचे विरोधी हिरवे तर पानांत आधीच असते. म्हणून तांबड्या कर्दळीचा एकच पुंजका सर्व अंगणास पुरतो. दोन रंग एकमेकांशी भांडत असतील तर मध्ये पांढरी फुले घालावी. तांबडा व पिवळा जवळ भासतात, निळा व जांभळा दूर. तेव्हा लहान अंगणाच्या पलीकडील टोकास जांभळा रंग दिल्यास अंगण लांब वाटते. एका रंगाची निदान ५ ते ७ रोपे एकत्र लावावी. मिश्र रंगांच्या बियांची पुडी घेतली की हा हेतू साधत नाही.

नमुन्याचा वाफा.— इंग्लंडात गर्ट्रूड जेकिल या बाईंनी १९०८ साली फुलबागेतील रंगांवर ग्रंथ लिहिला. लांब ताटव्याच्या टोकांस शीतल रंग व मध्ये उष्ण रंग, ही त्यांची पद्धत आपणही घ्यावी. फुले मात्र आपल्या हवेची असावीत. २० फूट लांब व ४ फूट रुंद वाफ्यात मधल्या ८ फुटांत पिवळ्या झेंडूच्या दोन ओळी दीड-दीड फुटावर लावाव्या. एकंदर १२ रोपे लागतील. दोन्ही टोकांस सहा-सहा फूट जांभळट तेरडा व पुढील कडेने सर्वत्र पांढरी सदाफुली असावी. पावसाळा सरताना तेरडा संपतो; त्या जागी सप्टेंबरात रोपे टाकून तयार केलेले जांभळे अ‍ॅस्टर लावावे.

तोडणी.— देवपूजेस व गजऱ्यास फुले लागणारच. दसऱ्यास झेंडू तोडला की सारा वाफा ओका दिसतो, आणि बागेची हौस करणारे व फुले तोडणारे यांच्यात घरोघर कुरबुर होते. यास उपाय सोपा आहे. तोडण्यासाठी परसात वेगळी ओळ धरावी, आणि झेंडूचे बी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा टाकावे. कोवळा शेंडा खुडल्यास फुटवे वाढतात व बहर थोडा लांबतो.

बियाणे.— झेंडूत कीटकांमुळे परपरागीकरण होते; पिवळा व नारिंगी शेजारी असल्यास घरच्या बियांतून रंगांची भेसळ निघते. संकरित वाणाचे बी धरले तरी पुढील पिढी मूळ वाणासारखी येत नाही. याच्या उलट शेवंती फुटव्यांपासून लावितात, म्हणून तिचा रंग जसाच्या तसा राहतो.

हे सर्व एका वर्षात साधलेच पाहिजे असे नाही. यंदा अंगणातील एकच वाफा निवडावा, त्यात तीनच रंग घ्यावे आणि सकाळ-संध्याकाळ ओट्यावरून त्याचे निरीक्षण करावे. पुढील मृगास कोणते रोप कोठे हलवावे, हे तो वाफाच सांगेल.