तुटलेले दुवे आणि अपुरा बॅकअप

युनिक्स व लिनक्स प्रणालींवर रात्री आपोआप चालणारा बॅकअप कधी कधी सकाळी ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी अस्तित्वात नाही’ असा संदेश देऊन थांबलेला आढळतो. फाइलचे नाव तर यादीत दिसत असते. हा विरोधाभास उलगडण्यासाठी सिम्बॉलिक लिंक म्हणजे काय, हे पाहावे लागते.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 4.2 बीएसडी या युनिक्स आवृत्तीत 1983 मध्ये या लिंक उपलब्ध झाल्या. सिम्बॉलिक लिंक ही स्वतंत्र, अगदी छोटी फाइल असते. तिच्यात दुसऱ्या फाइलचा मार्ग तेवढा नोंदलेला असतो. हार्ड लिंक याहून भिन्न आहे. तिच्यात एकाच आयनोडला दोन नावे मिळतात, त्यामुळे एक नाव पुसले तरी माहिती टिकते. मात्र ती दुसऱ्या फाइल सिस्टिमवरील फाइलला जोडता येत नाही. (परीक्षेत हा भेद वारंवार विचारला जातो.) सिम्बॉलिक लिंकला ही मर्यादा नाही. परंतु मूळ फाइल हलवली, तिचे नाव बदलले किंवा ती पुसली, की लिंक जागेवर राहते आणि तिचा मार्ग कोठेच पोहोचत नाही.

अशा तुटलेल्या लिंकमुळे बॅकअप अडतोच असे नाही. ‘टार’ ही आज्ञावली एरवी लिंक जशीच्या तशी जतन करते आणि कोणतीही तक्रार करीत नाही. ‘एच’ हा पर्याय दिल्यास मात्र ती लिंकमागील मूळ फाइल शोधू लागते व तेथे त्रुटी उद्भवते. ‘आरसिंक’मध्ये कॅपिटल ‘एल’ या पर्यायाने हेच घडते. उरलेल्या फाइलींची प्रत होते, पण शेवटी अपूर्ण हस्तांतराचा निदर्शक असा 23 हा संकेतांक मिळतो.

‘फाइंड’ या आज्ञेस कॅपिटल ‘एल’ पर्याय देऊन केवळ ‘एल’ प्रकारच्या नोंदी मागितल्या, की तुटलेल्या लिंकच हाती लागतात. त्या लगेच पुसून टाकणे हा घाईचा उपाय होय. पुष्कळदा दोष लिंकचा नसतोच. ज्या डिस्ककडे ती निर्देश करते, ती त्या वेळी माउंट झालेली नसते. म्हणून ‘रीडलिंक’ने नोंदलेला मार्ग आधी वाचावा.

त्रुटी टाळण्यासाठी ‘एच’ पर्याय काढून टाकला, तर संदेश बंद होतो. धोका मात्र वाढू शकतो. समजा, ‘अहवाल’ डिरेक्टरीतील ‘चालू’ ही लिंक दुसऱ्या डिस्कवरील फोल्डरकडे जाते आणि बॅकअप केवळ ‘अहवाल’चा घेतला जातो. तेव्हा लिंक सुखरूप जतन होते, प्रत्यक्ष अहवाल नव्हे. यात कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. त्या मूळ फोल्डरचे नाव बॅकअपच्या यादीत स्वतंत्रपणे घालणे, हाच येथे खरा उपाय.

चाचणीदेखील फसवी ठरू शकते. त्याच संगणकावर बॅकअप उघडून पाहिला आणि लिंकमध्ये संपूर्ण मार्ग असला, तर ती जुन्याच डिस्कवरील मूळ फाइल उघडून दाखवते व बॅकअप परिपूर्ण असल्याचा भास होतो. याकरिता पुनःस्थापनेची चाचणी मूळ डिस्क जोडलेली नसलेल्या दुसऱ्या संगणकावर घेतली जाते.