भार मे महिन्याचा मोजावा

बेटा, सोसायटीचा सेक्रेटरी झालास. आता लोक तुला पहिलं हेच विचारतील, "आमच्या फ्लॅटला सिंगल फेज पुरेल की थ्री फेज घ्यावं?" उत्तर देण्याआधी त्यांच्या घरातला मे महिना डोळ्यांपुढे आण. जळगाव-भुसावळात, धुळ्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा घरात जे जे एकदम चालू असतं, तोच खरा भार. डिसेंबरात मोजलेल्या भाराचा काही उपयोग नाही.

हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टला एक किलोवॅट म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. कूलर जेमतेम २०० वॅट खातो. कूलरवर उन्हाळा काढणाऱ्या घराला सिंगल फेज निवांत पुरतं. दीड टनाचा एसी मात्र दीड-पावणेदोन किलोवॅटचा. असे दोन एसी, दोन किलोवॅटचा गिझर आणि इस्त्री एकदम लागली की ३० अँपिअरच्या आसपास गेलास. आपल्याकडे सिंगल फेजची हद्द ४० अँपिअर. तिसरा एसी किंवा गाडीचा चार्जर येणार असेल तर थ्री फेजच घ्यायला सांग. थ्री फेजला बिल कमी येतं, असं कुणी म्हणालं तर मानू नकोस. घरगुती युनिटचा दर तोच, स्थिर आकार उलट जास्त.

इमारतीला लिफ्ट आणि पाण्याच्या मोटारीसाठी थ्री फेज लागतंच. लिफ्टच्या मोटारीला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आहे ना, तेवढं बघ. एक फेज गेल्यावर मोटार चालत राहिली तर वाइंडिंग जळतं. सिंगल फेजचे फ्लॅट तिन्ही फेजवर वाटताना मजले मोजू नकोस, एसी मोज. मे महिन्यात रात्री अकराला क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचे अँपिअर वायरमनकडून लिहून घे. एकावर ७० आणि दुसऱ्यावर २० दिसले, तर वाटणी चुकली.

सगळ्यांत जपायचा तो न्यूट्रल. फेज गेला तर अंधार होतो; न्यूट्रल सुटला तर कमी भाराच्या फ्लॅटात २३०चे साडेतीनशे व्होल्टही होतात, टीव्ही-फ्रीज जळतात. एका घरात दिवे भगभगले आणि शेजारी मिणमिणले, की कारण शोधत बसू नकोस, आधी मेन स्विच पाड, मग वीज कंपनीच्या १९१२ला फोन लाव. मीटर रूममधला न्यूट्रलचा सांधा नीट बघत जा. ॲल्युमिनिअमची केबल तांब्याच्या पट्टीला थेट कसलेली असते, उन्हाळ्यात ती तापते, सैल पडते, मग केबलच्या टोकाचा लग काळा पडतो. तिथे बायमेटल लगच हवा.

एप्रिल लागला की लायसनवाल्या वायरमनला बोलाव, मेन बंद कर आणि सगळे सांधे तुझ्यासमोर आवळून घे. नवीन एसीला परवानगी मागायला कुणी आलं, तर सही त्यानंतरच कर.